आपणहून बोलायला जाताना

आपणहून एखाद्याच्या दारी जावे आणि ‘मला तुमच्याकडे बोलू द्या’ असे म्हणावे, हे आपल्याकडे फारसे शिष्टसंमत मानले जात नाही. बोलावणे आले तर जावे, मानाचे पान मिळाले तर बसावे, नाही तर आपले घर बरे, अशी आपली रीत. शिवाय समर्थांनी दासबोधात मूर्खाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत आपली स्तुती आपणच करणाराही आहे. तेव्हा मनात येते की, नको रे बाबा, उगाच त्या यादीत आपले नाव कशाला?

आणि तरीही आज मी तुम्हाला जे सांगणार आहे ते नेमके याच्या उलट आहे. आपल्या निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या शेतकऱ्याने, शिक्षकाने, बचतगट चालविणाऱ्या बाईने आपणहून पत्र लिहावे आणि सांगावे की, ‘या विषयावर मला काही ठाऊक आहे, ते मी तुमच्या श्रोत्यांना सांगू इच्छितो.’ हे पत्र आकाशवाणीला लिहावे, सामुदायिक रेडिओला लिहावे आणि अलीकडे ज्याला पॉडकास्ट म्हणतात त्या कार्यक्रमांनाही लिहावे. ते कसे लिहावे, कुणाला लिहावे आणि त्यात कोणती सावधगिरी बाळगावी, हा आजचा विषय.

प्रथम पॉडकास्ट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम इंटरनेटवर ठेवायचा, आणि ज्याला हवा त्याने हवा तेव्हा तो आपल्या मोबाइलवर ऐकायचा, ही त्याची साधी व्याख्या. हा शब्द २००४ साली इंग्लंडमधील एका वर्तमानपत्रातील लेखात प्रथम आला. त्या वेळी गाणी ऐकायचे ‘आयपॉड’ नावाचे छोटे यंत्र लोकांच्या खिशात असे. त्यातला ‘पॉड’ आणि प्रसारणाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याची शेपटी, असे दोन तुकडे जोडून हे नाव झाले. आयपॉड मागे पडले, नाव मात्र राहिले. आता मराठीतही ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’ यांसारखे मुलाखतींचे कार्यक्रम निघाले असून तरुण मंडळी ते आवडीने ऐकतात. यांतले कित्येक कार्यक्रम नुसते ऐकू येत नाहीत, पडद्यावर दिसतातही.

रेडिओत आणि यात मुख्य फरक दोन. रेडिओला वेळ ठरलेली. दहा मिनिटांचे भाषण म्हणजे दहाच मिनिटे. इथे तास-दीड तास गप्पा चालू शकतात. दुसरा फरक असा की, रेडिओ केंद्राला पत्ता असतो, अधिकारी असतात, नियम असतात. पॉडकास्टचा यजमान पुष्कळदा एकटाच किंवा दोघे-तिघे मित्र मिळून असतात. दर आठवड्याला नवा पाहुणा आणायचा कुठून, ही त्यांची रोजची विवंचना असते. तेव्हा आपण पत्र लिहितो ते याचना म्हणून लिहीत नाही. त्यांनाही गरज आहे, हे आधी ध्यानात घ्या.

आता कुणी म्हणेल, ‘आम्ही नाही बोललो तर काय बिघडते?’ बिघडते ते असे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लावले. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांचे लिलाव त्यानंतर काही दिवस बंद पडले. पुढे ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. त्या आठ-नऊ महिन्यांत कांद्यावर किती चर्चा झाल्या! वाहिन्यांवर झाल्या, मोबाइलवर झाल्या, मोठमोठ्या जाणत्यांनी आकडे मांडले. पण तुम्हीच आठवून पाहा, त्या बोलणाऱ्यांत ज्याच्या स्वतःच्या चाळीत कांदा भरलेला होता असे किती होते? आपल्याबद्दल बोलणे चालू असते आणि आपण कडेला उभे राहून ऐकत असतो. मग शहरातल्या ऐकणाऱ्याचा समज होतो की, शेतकरी कांदा दडवून ठेवतो म्हणून भाव चढतो. चाळीतला कांदा दिवसागणिक वजनाने घटतो, सडतो, त्याला कोंब फुटतात, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. ज्याला ठाऊक आहे तो गप्प बसला की न जाणणाऱ्याचे बोलणे खरे ठरते. बोलणाऱ्याची बोरे विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे उगाच नाही.

खेड्याने बोलावे आणि प्रसारणाने ऐकावे ही कल्पना नवीन नाही. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे खेडी निवडून तिथे श्रोत्यांचे गट स्थापन केले. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. लोक एकत्र बसून ऐकत आणि मग त्यावर आपापसांत चर्चा करीत. खरी मौज पुढेच आहे. गटाचा निमंत्रक चर्चेचा अहवाल आणि उरलेले प्रश्न केंद्राकडे पाठवी, आणि त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. जिथे गट होते तिथल्या लोकांच्या माहितीत, गट नसलेल्या गावांच्या मानाने, चांगलीच भर पडल्याचे त्यांना आढळले. पुढे १९५९ पासून ही योजना देशात इतरत्रही सुरू झाली.

या प्रयोगातून आपल्या आजच्या विषयापुरता एक धडा घेण्यासारखा आहे. कार्यक्रमाला जीव येतो तो ऐकणाऱ्याच्या प्रश्नामुळे. म्हणून पत्र लिहिताना ‘मी कोण आहे’ इथून सुरुवात करू नका. ‘तुमच्या श्रोत्याला काय हवे आहे’ इथून करा. आत्मस्तुती आणि उपयोगी निवेदन यांतला भेदही इथेच आहे. ‘मी मोठा बागाईतदार, मला तीन पुरस्कार मिळाले’ ही स्तुती झाली. ‘थंडीच्या लाटेत द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, तेव्हा बागेत रात्रभर काय काय करावे लागते ते मी सांगू शकेन’ हे निवेदन झाले. पहिल्या वाक्यात ऐकणाऱ्यासाठी काही नाही, दुसऱ्यात आहे. समर्थांचा आक्षेप पहिल्या वाक्याला आहे.

आपल्या पिंपळगावच्या बाजारात हे रोज पाहायला मिळते. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे असतात. व्यापारी येतो, ढिगातून चार कांदे उचलतो, रंग पाहतो, पत्ती पाहतो, दाबून पाहतो आणि बोली सुरू होते. तिथे शेतकऱ्याचे भाषण कुणी ऐकत नाही, वानगी पाहतात. आणि वरचा थर निवडक, खाली मात्र गोल्टी आणि चिंगळी असा प्रकार निघाला, तर खाली करताना वांधा निघतोच. पत्राचेही असेच आहे. पत्र म्हणजे आपल्या मालाची वानगी. ती थोडी असावी, खरी असावी, आणि आत जो माल आहे त्याचीच असावी.

आता कामाच्या गोष्टीकडे वळू.

पहिली गोष्ट म्हणजे कार्यक्रम निवडणे. ज्या कार्यक्रमाला लिहायचे त्याचे किमान तीन-चार भाग पूर्ण ऐकावेत. त्यात पाहुणे बोलावतात की यजमान एकटाच बोलतो? पाहुणे कोणत्या प्रकारचे असतात? गप्पा किती वेळ चालतात? शेवटचा भाग केव्हा आला? कारण हौसेने सुरू झालेले पुष्कळ कार्यक्रम दहा-बारा भागांनंतर थंडावतात. तिथे पत्र लिहिणे म्हणजे बंद घराची कडी वाजविणे. आणि नाव मोठे आहे म्हणून लाखो श्रोत्यांच्या कार्यक्रमामागे धावू नका. द्राक्षबागाईतदारांचाच ऐकण्याचा एखादा लहान कार्यक्रम असेल, तर तिथले पाचशे श्रोते तुमच्या बोलण्याचा अधिक उपयोग करतील.

दुसरी गोष्ट म्हणजे विषय. एका पत्रात एकच विषय असावा. ‘शेतीच्या समस्या’ हा विषय नव्हे, तो सागर आहे. ‘उन्हाळ कांदा चाळीत टिकविण्यासाठी काढणीपासून काय पथ्य पाळावे’ हा विषय झाला. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतातच अशा रीतीने पसरायचा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर यावी. मग मान इंचभर ठेवून पात कापायची. सावलीत आणखी काही दिवस सुकवायचा. जोड कांदे, डेंगळे आणि मार लागलेले कांदे वेगळे काढायचे. मगच चाळ भरायची. हे आपल्या घरातल्या बायामाणसांना पाठ असते. शहरातल्या माणसाला ही सगळी नवी माहिती आहे. आपल्याला जे अगदी साधे वाटते तेच पुष्कळदा दुसऱ्याला ऐकण्यासारखे असते, आणि म्हणूनच ते सांगायचे आपल्याला सुचत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष पत्र. ते ई-मेलने पाठवा किंवा कार्यक्रमाने दिलेल्या क्रमांकावर. पण मोबाइलच्या पडद्यावर एका दमात वाचून होईल एवढेच असू द्या. नमुना म्हणून एक पत्र सांगतो. समजा, शहरातल्या एका कार्यक्रमाच्या यजमान ताईंना आपल्याकडचा एक शेतकरी लिहितो आहे:

‘आदरणीय ताई, स. न. वि. वि. आपल्या कार्यक्रमातील कांद्याच्या भावावरचा भाग ऐकला. शेतकरी कांदा आणखी काही महिने साठवून का ठेवत नाही, असा प्रश्न त्यात निघाला होता. वेळेअभावी तो तसाच राहिला. मी पिंपळगाव बसवंतजवळ शेती करतो आणि पंधरा वर्षे घरची चाळ सांभाळतो. साठवलेला कांदा कशाने खराब होतो, विकायचे केव्हा हे घरात कसे ठरते, आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर असले की ते गणित कसे मोडते, या तीन गोष्टी मी आपल्या श्रोत्यांना समजतील अशा सांगू शकेन. चाळीत भरलेला आणि विकलेला कांदा यांच्या नोंदी माझ्या वहीत आहेत. सोबत दोन मिनिटांचे बोलणे मुद्रित करून पाठवीत आहे. संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो. विषय आपल्या उपयोगाचा नसल्यास तसे कळविले तरी चालेल. कळावे, लोभ असावा.’

बघा, या पत्रात काय काय आले. कार्यक्रम खरोखर ऐकल्याची खूण आली. श्रोत्याचा राहिलेला प्रश्न आला. तीन नेमके मुद्दे आले. मला हे कसे ठाऊक, याचा पुरावा म्हणून पंधरा वर्षे आणि वही आली. आवाजाची वानगी आली आणि सोयीची वेळ आली. पदवी, घराणे, ओळखीचा पुढारी यांतले काही आले नाही, आणि त्यावाचून काही अडलेही नाही. आवाजाची वानगी हवीच, कारण माणूस लिहितो चांगला पण बोलतो कसा, याची यजमानाला धास्ती असते. दोन मिनिटे ऐकली की ती जाते.

याच्या उलट जी पत्रे केराच्या टोपलीत जातात त्यांचीही ओळख करून घ्या. एकच पत्र पन्नास ठिकाणी पाठविलेले. त्यात पुष्कळदा दुसऱ्याच कार्यक्रमाचे नाव राहून गेलेले. ‘आपला कार्यक्रम अप्रतिम असतो’ एवढेच लिहिलेले, पण कोणता भाग अप्रतिम ते नाही. चार पाने आत्मचरित्र. आणि ‘कोणत्याही विषयावर बोलू शकतो’ हे तर सर्वांत वाईट, कारण कोणत्याही विषयावर बोलणारा माणूस यजमानाच्या कोणत्याच कामाचा नसतो.

पत्र पाठविल्यावर आठ-दहा दिवस वाट पाहावी. उत्तर आले नाही तर एकदा, फक्त एकदा, चार ओळींची आठवण द्यावी. तरीही उत्तर नाही आले तर राग धरू नये आणि रोज दूरध्वनीही करू नये. भाव पटला नाही म्हणून माल कुणी फेकून देत नाही. दुसऱ्या बाजारात नेतो. तोच विषय दुसऱ्या कार्यक्रमाच्या श्रोत्यांना अनुसरून नव्याने मांडावा.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी, आणि त्या शिक्षकांनी गावात अवश्य सांगाव्यात. काही कार्यक्रमवाले पाहुण्याकडूनच पैसे मागतात. पैसे देऊन बोलायला जाणे म्हणजे जाहिरात. ती करायची तर जाहिरात म्हणून उघडपणे करावी, नाही तर नम्रपणे नको म्हणावे. दुसरे, मुलाखतीच्या नावाखाली फसवणूकही चालते. ‘तुम्हाला कार्यक्रमात घ्यायचे आहे, फेसबुकची जोडणी तपासू’ असे सांगून ओटीपी विचारतात, किंवा तुमचा पडदा त्यांना दिसेल असे करायला लावतात, आणि तुमचे पान ताब्यात घेतात. मुलाखतीसाठी ओटीपी, बँकेचा तपशील, संकेतशब्द यांतले काहीही लागत नाही, एवढे पक्के लक्षात ठेवा. तिसरे, औषधाच्या फवारणीचे प्रमाण, रोगावरचा इलाज असले काही सांगताना ‘आमच्या बागेत असे झाले’ इथवरच थांबावे. सल्ला देण्याचे काम कृषितज्ज्ञांचे आहे. आणि चौथे, रेडिओवरचे बोलणे एके काळी हवेत विरून जाई. इथले वर्षानुवर्षे राहते. शेजाऱ्याची भांडणे, घरातले देणेघेणे, दुसऱ्याचे नाव हे बोलण्याआधी दहादा विचार करावा.

होकार आलाच, तर तयारी साधी आहे. घरातली शांत खोली निवडा. पंखा बंद करा, मोबाइलवरचे इतर संदेश बंद ठेवा, मोटारीची आणि कांडप यंत्राची वेळ टाळा. खोलीत गोधड्या-सतरंज्या असल्या तर आवाज घुमत नाही. मुद्दे एका कागदावर लिहून ठेवा, पण वाचून दाखवू नका. आणि आपली बोली सोडू नका. ‘आम्हाला शुद्ध बोलता येत नाही’ म्हणून पुष्कळजण मागे सरतात. अहो, पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकरांसारख्या लेखकाने वर्षानुवर्षे काम केले, आणि खेड्यातले बोलणे हे त्यांच्या लेखनाचे बळ होते. ऐकणाऱ्याला अर्थ कळावा, एवढीच अट.

मोबाइलवर हे जमणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी रेडिओचा मार्ग धरावा. आकाशवाणीच्या जवळच्या केंद्राच्या कार्यक्रम विभागाला विषय कळवून पत्र लिहिता येते. तिथे भाषण आधी लिहून द्यावे लागते आणि ते वेळेत बसावे लागते. सावकाश बोलणाऱ्याचे मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, हा हिशोब धरून लिहावे. नाशिकला ‘रेडिओ विश्वास’ हे सामुदायिक केंद्र आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २००८ साली ‘माणदेशी तरंग’ सुरू केले. त्याच वर्षी झहीराबादजवळ, आजच्या तेलंगणात, गरीब शेतकरी कुटुंबांतील दलित स्त्रियांनी ‘संगम रेडिओ’ सुरू केला. तिथे कार्यक्रम करणाऱ्या बायका बियाण्यांवर बोलतात, कारण बियाणे त्यांनी घरात जपलेले आहे. त्यांना कुणी पदवी विचारली नाही.

शेवटी शिक्षकबंधू आणि भगिनींसाठी एक विनंती. १९५६ च्या त्या गटांत निमंत्रकाचे जे काम होते, ते आज तुमच्या हातून होण्यासारखे आहे. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे त्याला पुष्कळदा पत्र लिहिण्याचा संकोच वाटतो, आणि ज्याला पत्र लिहिता येते त्याच्याजवळ चाळ नसते. ही दोन माणसे एकाच गावात, कधी कधी एकाच आळीत राहतात. नववी-दहावीच्या मुलांना सांगा की, आपापल्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारून या: ‘आजी, तुला असे काय येते जे दुसऱ्यांना येत नाही?’ मुले जे लिहून आणतील त्यातून पाच चांगले विषय निघतील. त्यांतला एक निवडा, त्या माणसाजवळ बसा, दोन मिनिटे त्यांचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करा आणि पत्राचा मजकूर त्यांना वाचून दाखवा. त्यांची संमती मिळाली की पत्र त्यांच्याच नावाने पाठवा. उत्तर येवो अथवा न येवो, त्या मुलाला आपल्या आजीकडे सांगण्यासारखे काही आहे एवढे तर त्या दिवशी नक्कीच कळेल. पुढच्या वेळी मग ते मूल स्वतःच पत्र लिहायला बसेल.